चार स्क्रूंचा भाग, कुलूप मात्र कंपनीच्या सर्व्हरचं! आलिशान एसयूव्हीचा इलेक्ट्रॉनिक गिअर सिलेक्टर बदलणं सातारा-सांगलीत इतकं अवघड का?

समजा, रविवारची सकाळ आहे. साताऱ्यातलं एक कुटुंब कासला निघालंय. यवतेश्वरचा घाट चढून गाडी चहासाठी थांबली. परत निघताना चालकाने ब्रेकवर पाय ठेवला, बटण दाबून इंजिन सुरू केलं आणि 'डी'साठी गिअरचा दांडा मागे ओढला. काहीच झालं नाही. समोरच्या पडद्यावर बिघाडाची सूचना झळकली आणि गाडी 'पी'मध्येच राहिली. इंजिन चालू, एसी चालू, गाणी चालू. पण सत्तर लाखांची गाडी जागची हलायला तयार नाही.

मग ओळखीच्या मिस्त्रींना फोन जातो. पलीकडून उत्तर येतं, "मालक, गाडी बंद करून, लॉक करून पंधरा मिनिटं तशीच ठेवा. मग परत बघा. न्हाय झालं तर माझ्या हातात काय न्हाय. त्याला कंपनीचा लॅपटॉप लागतोय."

प्रसंग उदाहरणादाखल घेतला आहे, पण मिस्त्रींचं शेवटचं वाक्य सातारा, कराड, इस्लामपूर, सांगली, मिरज अशा कुठल्याही गॅरेजमध्ये ऐकायला मिळेल. गाडी खोलण्याचं कसब त्यांच्याकडे आहे, हत्यारं आहेत, हवा तो सुटा भाग दोन-चार दिवसांत मागवताही येतो. अडतं ते शेवटच्या पायरीवर. नवा भाग गाडीला 'ओळखायला' लावण्याची परवानगी त्यांच्याकडे नसते.

'सत्तर लाखांची गाडी घेणाऱ्यांचं दुखणं आपल्याला काय?' असं कुणाला वाटेल. पण पुण्या-मुंबईत चार-पाच वर्षं वापरलेल्या याच गाड्या पुढे सेकंड हँड बाजारात येतात आणि आठ-दहा वर्षं जुनी आलिशान एसयूव्ही एखाद्या नव्या मध्यम गाडीच्या किमतीत मिळू लागते. तेव्हा ती घेणारा दुसरा किंवा तिसरा मालक बागायतदार, डॉक्टर किंवा छोटा ठेकेदार असू शकतो. गाडीची किंमत उतरलेली असते, सुट्या भागाची आणि दुरुस्तीची मात्र उतरत नाही. शिवाय हे तंत्रज्ञान आता महागड्या गाड्यांपुरतं उरलेलं नाही. म्हणून हा विषय समजून घेणं गरजेचं आहे.

गिअर सिलेक्टर म्हणजे नेमकं काय?

जुन्या ऑटोमॅटिक गाडीत दोन सीटच्या मध्ये जो दांडा असतो, तो एका जाड केबलने थेट गिअरबॉक्सला जोडलेला असतो. दांडा हलवला की केबल ओढली जाते आणि गिअरबॉक्समधला व्हॉल्व्ह सरकतो. सायकलचा ब्रेक दाबल्यावर तार ओढली जावी, तसंच हे साधं काम. केबल सैल झाली किंवा तुटली तर कुठलाही जाणता मेकॅनिक ती बदलू शकतो.

इलेक्ट्रॉनिक सिलेक्टरमध्ये ही केबलच नसते. दांडा, फिरवायची गोल चकती किंवा बटणं, रूप कोणतंही असो, ते प्रत्यक्षात एक स्विच असतं. आत छोटे लोहचुंबक आणि त्यांची जागा ओळखणारे सेन्सर असतात. एक सेन्सर चुकला तर दुसऱ्याने पडताळावं म्हणून ते एकापेक्षा जास्त बसवलेले असतात. तुम्ही 'डी' निवडलं की सिलेक्टर गाडीच्या अंतर्गत नेटवर्कवरून संदेश पाठवतो. गिअरबॉक्सचा कॉम्प्युटर तो संदेश तपासतो. ब्रेक दाबला आहे का? गाडी थांबली आहे का? सगळं जुळलं तरच गिअर पडतो.

थोडक्यात, जुना दांडा गिअर टाकायचा, नवा दांडा गिअर टाकण्याची विनंती करतो. ती मान्य करायची की नाही, हे कॉम्प्युटर ठरवतो.

बीएमडब्ल्यूने २००१ च्या सुमारास आपल्या सेव्हन सिरीजमध्ये असा सिलेक्टर दिला. २००५ पासून मर्सिडीजने तो स्टिअरिंगजवळच्या छोट्या दांडीवर नेला. जॅग्वारने २००८ च्या एक्सएफ गाडीत इंजिन सुरू होताच वर येणारी गोल चकती आणली आणि पुढे ती रेंज रोव्हरमध्येही आली. दांडा गेल्याने सीटमधली जागा मोकळी झाली आणि गाडी स्वतः पार्क करण्यासारख्या सोयींना वाट मिळाली.

'पी' टाकल्यावर गाडी कशी थांबते?

ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्ये बाहेर शक्ती नेणाऱ्या दांड्यावर एक दातेरी चाक असतं. 'पी' निवडलं की एक लोखंडी अडसर त्या दातांत जाऊन बसतो. दाराला कडी घातल्यासारखाच हा प्रकार.

अनेक आधुनिक गाड्यांत हा अडसर स्प्रिंगच्या जोराने आपोआप बसतो आणि तेलाच्या दाबाने किंवा विजेच्या मदतीने उचलून धरला जातो. वीज गेली तर गाडी मोकळी सुटण्याऐवजी जागीच अडकावी, हा त्यामागचा विचार आहे. उतारावर तो योग्यच आहे. पण त्याचाच दुसरा परिणाम असा, की बॅटरी उतरली किंवा सिलेक्टर बंद पडला की गाडी 'पी'मध्ये अडकते आणि ढकलूनही हलत नाही.

अशा गाडीला दोर बांधून ओढणं म्हणजे गिअरबॉक्सचं नुकसान ओढवून घेणं. चारही चाकांना शक्ती देणारी एसयूव्ही दोन चाकं उचलून, दोन रस्त्यावर ठेवून नेणंही धोक्याचं. तिला सपाट पाटाच्या ट्रकवरच चढवावं लागतं. बहुतेक गाड्यांत अडसर हाताने सोडवण्याची आपत्कालीन सोय कुठेतरी दिलेली असते आणि ती कुठे आहे हे गाडीच्या पुस्तिकेत लिहिलेलं असतं. पण ती वापरण्याआधी हँडब्रेक लावणं आणि चाकांखाली दगड लावणं आवश्यक आहे. नाहीतर घाटात अडकलेली गाडी घाट उतरायला लागेल.

बिघाड कशाने होतो? साताऱ्याचा घाट, सांगलीचा पूर आणि सांडलेला चहा

सिलेक्टरची जागाच मुळात अडचणीची आहे. तो दोन सीटच्या मध्ये, कप ठेवायच्या खळग्यांना खेटून बसवलेला असतो. खंबाटकी घाटातल्या वळणावर कपातला चहा हिंदकळला किंवा बाटलीचं झाकण नीट बसलं नाही, की ते थेट सिलेक्टरवर सांडतं. पाणी सुकून जातं. साखरेचा चहा आणि कोल्ड्रिंक मात्र चिकट थर मागे ठेवतात. तो थर बटणं अडकवतो, आतल्या सर्किट बोर्डावर गंज चढवतो. बिघाड लगेच दिसत नाही. काही आठवड्यांनी कधी गिअर पडतो, कधी पडत नाही, असं सुरू होतं.

सांगलीची गोष्ट आणखी वेगळी. ऑगस्ट २०१९ मध्ये आणि पुन्हा जुलै २०२१ मध्ये कृष्णेचं पाणी शहरात शिरलं. आयर्विन पुलापाशी ४५ फुटांना धोक्याची पातळी मानतात. २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. अशा पुरात पार्किंगमधल्या गाडीच्या सीटपर्यंत पाणी आलं, तर गाडीच्या तळाशी, सीटखाली आणि मधल्या कन्सोलमध्ये असलेले कंट्रोल युनिट आणि कनेक्टर भिजतात. गाडी धुऊन, सीट वाळवून चकाचक करता येते. कनेक्टरच्या पिनांवर चढलेला हिरवट थर मात्र झाकण उघडल्याशिवाय दिसत नाही.

म्हणूनच पूरग्रस्त भागातली जुनी आलिशान गाडी स्वस्तात मिळत असेल, तर आधी मधलं कन्सोल उघडून बघावं. सीटच्या रुळांवरचा गंज आणि सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढल्यावर दिसणारा गाळाचा डाग, या दोन खुणा सहसा खोटं बोलत नाहीत.

दोष खरंच सिलेक्टरचा आहे का?

सगळ्यात मोठा खर्च इथे वाचू शकतो. पडद्यावर गिअरसंबंधी सूचना आली म्हणून सिलेक्टरच गेला, असं होत नाही. तशीच लक्षणं दाखवणारी आणखी काही कारणं आहेत.

पहिलं कारण म्हणजे कमजोर बॅटरी. व्होल्टेज खाली गेलं की गाडीतले कॉम्प्युटर एकमेकांशी नीट बोलत नाहीत आणि चुकीच्या सूचना येऊ लागतात.

दुसरं, ब्रेक पेडलजवळचा स्विच. ब्रेक दाबल्याचा संदेशच पोहोचला नाही, तर कॉम्प्युटर गाडीला 'पी'मधून बाहेर पडू देत नाही. ब्रेक दाबल्यावर मागचे लाल दिवे लागतात का, हे कुणालातरी मागे उभं करून पाहिलं तरी प्राथमिक अंदाज येतो. हा स्विच सिलेक्टरच्या तुलनेत किरकोळ किमतीचा असतो.

तिसरं, ढिला किंवा गंजलेला कनेक्टर, किंवा उंदराने कुरतडलेली वायर. उसाच्या पट्ट्यात, शेतातल्या घरासमोर उभ्या राहणाऱ्या गाड्यांना उंदरांचा त्रास नवा नाही.

चौथं, गिअरबॉक्सच्या आतला बिघाड. तो असेल तर नवा सिलेक्टर बसवूनही काही फरक पडणार नाही आणि पैसे मात्र जातील.

म्हणून क्रम असा हवा: आधी बॅटरी, मग स्कॅनर लावून सगळ्या कंट्रोल युनिटचे एरर कोड, मग वायर आणि कनेक्टर, आणि सर्वात शेवटी सिलेक्टर. मेकॅनिकने एरर कोड दाखवण्याआधीच 'भाग बदलावा लागेल' असं सांगितलं, तर थोडं थांबलेलं बरं. गॅरेज रस्त्याकडेचं असो की काचेच्या भिंतींचं, हा नियम दोघांनाही लागू आहे.

बदलण्याचं काम किती मोठं?

हाताचं काम तसं लहान आहे. बॅटरी सोडवायची आणि काही मिनिटं थांबायचं, कारण अनेक गाड्यांत एअरबॅगचं कंट्रोल युनिटही त्याच मधल्या भागात असतं. प्लास्टिकच्या पट्टीने कन्सोलवरचं आवरण अलगद उचलायचं. खाली सिलेक्टर साधारण चार स्क्रूंवर बसलेला दिसतो. स्क्रू काढायचे, कनेक्टर सोडवायचा, जुना भाग बाहेर, नवा आत. सरावलेल्या माणसाला तासाभराचं काम. आवरणाच्या क्लिपा न मोडता काढणं हीच काय ती कसोटी.

खरं काम यानंतर सुरू होतं आणि त्याला पाना लागत नाही, लॅपटॉप लागतो. अनेक गाड्यांत नव्या सिलेक्टरमध्ये त्या गाडीचा चॅसी नंबर लिहावा लागतो, गाडीच्या इतर कॉम्प्युटरशी जुळणारं सॉफ्टवेअर भरावं लागतं, दांड्याच्या प्रत्येक जागेची नोंद करून घ्यावी लागते. यालाच बोलीभाषेत 'कोडिंग' म्हणतात. ते सुरू असताना बॅटरीचं व्होल्टेज स्थिर ठेवणारा चार्जर लावावा लागतो. मध्येच वीज गेली तर नवाकोरा भाग निकामी होऊ शकतो. लोडशेडिंगच्या गावात ही जोखीम कुणाला वेगळी समजावून सांगायला नको.

काही कंपन्यांनी तर गाडीतल्या ठरावीक भागांना थेट कंपनीच्या सर्व्हरशी बांधलं आहे. ऑडीची 'कंपोनंट प्रोटेक्शन' ही यंत्रणा त्याचं परिचित उदाहरण. या यंत्रणेखाली येणारा भाग दुसऱ्या गाडीतून काढून लावला, तर कंपनीच्या सर्व्हरने मान्यता देईपर्यंत तो पूर्ण काम करत नाही. मूळ हेतू चोरीच्या सुट्या भागांना आळा घालण्याचा. पण त्यामुळे मुंबईच्या कुर्ल्यातून किंवा दिल्लीच्या मायापुरीतून जुना भाग आणून गाडी चालू करण्याची वाटही अरुंद होते.

कंपन्यांचं म्हणणं चूक आहे का?

अजिबात चूक नाही. गिअर सिलेक्टर हा म्युझिक सिस्टीमसारखा चैनीचा भाग नाही. त्यात गडबड झाली तर जीव जाऊ शकतो.

एप्रिल २०१६ मध्ये फियाट क्रायस्लरने जगभरातल्या ११ लाखांवर गाड्या परत बोलावल्या. त्यात २०१४ आणि २०१५ च्या जीप ग्रँड चेरोकी होत्या. या गाड्यांचा इलेक्ट्रॉनिक दांडा प्रत्येक वेळी मधल्या जागी परत यायचा, त्यामुळे गाडी खरंच 'पी'मध्ये गेली की नाही, हे हाताला कळत नसे. लोक गाडी 'पी'मध्ये आहे असं समजून उतरायचे आणि गाडी घरंगळायची. त्याच वर्षी १९ जूनला 'स्टार ट्रेक' चित्रपटांतला तरुण अभिनेता अँटन येल्चिन लॉस एंजेलिसमध्ये आपल्या घराच्या उतारावर स्वतःच्याच घरंगळलेल्या गाडीने चिरडून गेला. त्याची २०१५ ची ग्रँड चेरोकी परत बोलावलेल्या गाड्यांमधलीच होती. कंपनीने पुढे जो उपाय दिला, त्यात चालकाचं दार उघडताच गाडी आपोआप 'पी'मध्ये जाईल असं सॉफ्टवेअर होतं.

पसरणी घाटात, सज्जनगडाच्या वाटेवर किंवा यवतेश्वरच्या चढावर रोज गाड्या लावणाऱ्या सातारकरांना ही गोष्ट अमेरिकेची म्हणून सोडून देता येणार नाही. कुणीतरी पायरेटेड सॉफ्टवेअरने अर्धवट कोडिंग केलं, 'पी'चा दिवा लागला पण अडसर बसला नाही, तर उतारावर काय होईल हे सांगायला इंजिनीअर लागत नाही. नोंदणी, पडताळणी, अधिकृत सॉफ्टवेअर या अटी हव्यातच.

मग वाद कशाचा?

वाद कुलपाचा नाही, चावीचा आहे. सुरक्षेसाठी कुलूप हवं हे मान्य. पण त्याची चावी फक्त गाडी विकणाऱ्याच्याच खिशात का, हा खरा प्रश्न.

या प्रश्नावर देशात निकाल आधीच आलेला आहे. २५ ऑगस्ट २०१४ रोजी भारतीय स्पर्धा आयोगाने १४ कार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. सुटे भाग आणि बिघाड शोधण्याची साधनं स्वतंत्र गॅरेजना न देता कंपन्या बाजार आपल्या मुठीत ठेवतात, हा आयोगाचा ठपका होता. मारुती, टाटा, महिंद्रापासून मर्सिडीज आणि बीएमडब्ल्यूपर्यंतची नावं त्या यादीत होती. सुटे भाग आणि साधनं खुली करा, आणि स्वतंत्र गॅरेजमध्ये काम केलं एवढ्याच कारणावरून सरसकट वॉरंटी रद्द करू नका, असंही आयोगाने बजावलं. कंपन्या अपिलात गेल्या, काहींनी उच्च न्यायालयाचं दार ठोठावलं. डिसेंबर २०१६ मध्ये अपील न्यायाधिकरणाने तीन कंपन्यांबाबतचा निष्कर्ष कायम ठेवला, पण दंडाची मोजणी सौम्य केली. तोवर गॅरेजमधल्या मिस्त्रींच्या हातात काहीच पडलेलं नव्हतं.

पुढे जुलै २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने 'दुरुस्तीचा हक्क' या विषयावर समिती नेमली. शेतीची अवजारं, मोबाइल, घरगुती उपकरणं आणि वाहनं अशी चार क्षेत्रं तिने निवडली. डिसेंबर २०२२ मध्ये त्यासाठी पोर्टलही सुरू झालं. कंपन्यांनी आपल्या पुस्तिका, सुट्या भागांची आणि सर्व्हिस सेंटरची माहिती तिथे द्यावी, ही कल्पना चांगली आहे. पण माहिती देणं वेगळं आणि कोडिंगचा प्रवेश देणं वेगळं. 'दुरुस्तीचा हक्क' देणारा स्वतंत्र कायदा आपल्याकडे अजून नाही.

बाहेर हे जमवून दाखवलेलं आहे. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्याने २०१२ मध्ये याबाबत कायदा केला. त्यानंतर २०१४ मध्ये कार कंपन्यांनीच देशभरातल्या स्वतंत्र गॅरेजना दुरुस्तीची माहिती आणि साधनं देण्याचा करार केला. युरोपात सप्टेंबर २०२० पासून लागू असलेल्या नियमांनुसार स्वतंत्र गॅरेजला वाजवी शुल्क भरून कंपनीची दुरुस्तीची माहिती घेता येते. चोरीविरोधी यंत्रणेसारख्या नाजूक कामासाठी पडताळणी झालेल्या मेकॅनिकलाच प्रवेश देण्याची पद्धतही तिथे उभी राहिली आहे. काम कुणी केलं, कधी केलं, कोणत्या गाडीवर केलं, सगळ्याची नोंद राहते. चावी फुकट वाटलेली नाही, तिची प्रत पडताळणी करून दिली आहे.

भारतात त्याच कंपन्या गाड्या विकतात. मर्सिडीजच्या गाड्या चाकणला जोडल्या जातात, २०११ पासून लँड रोव्हरच्या गाड्याही पुण्यात जोडल्या जाऊ लागल्या. म्हणजे साताऱ्यापासून दीडशे किलोमीटरच्या आत अशी गाडी तयार होऊ शकते. तिचा चार स्क्रूंचा भाग साताऱ्यात बदलल्यावर तो चालू करायची परवानगी मात्र इथे मिळत नाही.

याची किंमत कोण मोजतं?

पहिली किंमत मालक मोजतो. साताऱ्याहून पुणे सुमारे ११० किलोमीटर, सांगलीहून कोल्हापूर पन्नासेक आणि पुणे सव्वादोनशेच्या पुढे. गाडी ज्या ब्रँडची, त्याचं सेंटर जिथे, तिथे ती ट्रकवर चढवून न्यायची. तासाभराच्या कामासाठी दिवसच्या दिवस जातात, आणि भाड्याची गाडी वेगळी.

दुसरी किंमत मोजतो स्थानिक मेकॅनिक. हा भाग यंत्रांना घाबरणारा नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये सांगली जिल्ह्यातल्या माळरानावर किर्लोस्करवाडी उभी केली आणि तिथून लोखंडी नांगर गावोगाव गेले. साताऱ्यात १९२२ पासून कूपरचा कारखाना आहे. कडेगाव तालुक्यातल्या देवराष्ट्रे गावच्या दत्तात्रय लोहार यांनी भंगारातले भाग जोडून किक मारून सुरू होणारी छोटी चारचाकी बनवली, तेव्हा डिसेंबर २०२१ मध्ये आनंद महिंद्रांनी तिचं कौतुक केलं आणि पुढच्याच महिन्यात त्या बदल्यात लोहार कुटुंबाला नवी बोलेरो दिली. देशभर टाळ्या पडल्या. जो भाग भंगारातून गाडी उभी करतो, त्याला चार स्क्रूंचा भाग बदलायला परवानगी मिळत नाही, हे त्या टाळ्यांशी जुळत नाही.

तिसरी किंमत सुरक्षेची. सरळ रस्ता बंद असला की आडवाट तयार होते. चोरीचं सॉफ्टवेअर, दूर कुठेतरी बसून लॅपटॉपवरून कोडिंग करून देणारा अनोळखी माणूस, पावती नाही, नोंद नाही. कंपन्या ज्या धोक्याचं कारण पुढे करून दार बंद ठेवतात, तोच धोका बंद दारामुळे वाढतो.

तोवर मालकाने काय करावं?

• मधल्या कन्सोलमध्ये उघडा कप ठेवू नका. काही सांडलंच तर गाडी सुरक्षित जागी थांबवून बंद करा, पुसा आणि लवकरात लवकर तपासून घ्या. 'सुकेल आपोआप' म्हणून सोडू नका.

• 'पी' टाकलं तरी हँडब्रेक लावा. पडद्यावर 'पी' दिसल्याशिवाय आणि इंजिन बंद केल्याशिवाय उतरू नका. उतारावर पुढची चाकं कडेच्या बाजूला वळवून ठेवा.

• पुराचं पाणी गाडीत शिरलं असेल तर ती सुरू करून बघू नका. बॅटरी सोडवा, फोटो काढा, विमा कंपनीला कळवा. पूर किंवा अपघातातलं नुकसान गाडीच्या स्वतःच्या नुकसानीच्या विम्यात बसतं. आपोआप झालेला विजेचा किंवा यांत्रिक बिघाड साध्या पॉलिसीत बसत नाही.

• राष्ट्रीय महामार्गावर गाडी अडकली तर १०३३ वर फोन करा आणि सपाट पाटाचाच ट्रक मागा.

• आपल्या चॅसी नंबरवर कंपनीने गाड्या परत बोलावल्या आहेत का, हे बघा. तसं असेल तर दुरुस्ती कंपनीच्या खर्चाने होते. सदोष वाहनं परत बोलावण्याचे सक्तीचे नियम १ एप्रिल २०२१ पासून देशात लागू आहेत.

• जुना भाग विकत घेण्याआधी तो तुमच्या गाडीत कोड होऊ शकतो का, हे लेखी घ्या. भाग स्वस्त आणि कोडिंग अशक्य, असा सौदा महागात पडतो.

• काम झाल्यावर सपाट जागेवर, चाकांखाली दगड लावून चाचणी घ्या. 'आर' टाकल्यावर मागचा पांढरा दिवा आणि कॅमेरा सुरू होतो का, 'एन'मध्ये गाडी मोकळी होते का, 'पी'मध्ये ढकलल्यावर अडते का, हे बघूनच बाहेर पडा.

• बिलावर सुट्या भागाचा नंबर, कोडिंगचा खर्च आणि वॉरंटी वेगवेगळी लिहून घ्या. जुना भाग परत मागा. फसवणूक वाटली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे. ग्राहक आयोगात तक्रार करायला सेवा घेतलेल्या शहरात जावं लागत नाही. २०१९ च्या कायद्यानुसार तुम्ही राहता त्या जिल्ह्यातही ती दाखल करता येते. मुदत दोन वर्षांची.

सरकारने आणि कंपन्यांनी काय करायला हवं?

मागणी अवाजवी नाही. कंपनीने कोडिंगचं सॉफ्टवेअर दिवसाच्या किंवा तासाच्या शुल्कावर, पडताळणी झालेल्या गॅरेजला द्यावं. पडताळणीसाठी प्रशिक्षण आणि परीक्षा असावी. प्रत्येक कामाची नोंद कंपनीच्या सर्व्हरवर राहावी. चुकीचं काम करणाऱ्याचा प्रवेश बंद व्हावा.

प्रशिक्षणाला जागाही लांब शोधायला नको. सांगलीत १९४७ पासून वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, कराडला शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, दोन्ही जिल्ह्यांत आयटीआय आहेत. वायर जोडणारा वायरमन आणि गिअरबॉक्स खोलणारा फिटर यांना गाडीच्या नेटवर्कची भाषा शिकवणारा काही महिन्यांचा अभ्यासक्रम इथेच सुरू होऊ शकतो. स्कॅनर विकत घेणारे मेकॅनिक इथे आहेतच. त्यांच्या हाती कायदेशीर लॉगिन पडलं की उरलेलं काम ते करतील.

आणि हे फक्त आलिशान गाड्यांसाठी नको आहे. टाटाच्या नेक्सॉन ईव्हीमध्ये २०२० पासूनच फिरवायची चकती आहे. २०२३ च्या हॅरिअरच्या ऑटोमॅटिक मॉडेलमध्येही दांड्याऐवजी इलेक्ट्रॉनिक सिलेक्टर आला. इलेक्ट्रिक गाडीत तर जुन्या पद्धतीचा गिअरबॉक्सच नसतो, त्यामुळे केबलचा प्रश्नच येत नाही. आज जी अडचण सत्तर लाखांच्या गाडीच्या मालकाची वाटते, ती येत्या काही वर्षांत पंधरा लाखांच्या गाडीचे हप्ते भरणाऱ्या शिक्षकाच्या दारात येईल.

त्या दिवशी यवतेश्वरच्या घाटातून मिस्त्रींना फोन गेला, तर उत्तर काय यावं? "मालक, हात लावू नका, मी लॅपटॉप घेऊन येतो," हे यावं. त्यासाठी लागणारं कसब सातारा-सांगलीत आहे. थांबलं आहे ते फक्त एका लॉगिनसाठी.